पितरांचे देणे-घेणे

जीर्णोद्धाराच्या या शुभप्रसंगी ज्यांच्या घामावर गाव उभे राहिले त्या वाडवडिलांचे स्मरण होणे क्रमप्राप्तच आहे. पितर व वंशज यांचा संबंध आपल्याकडे एकतर्फी कधीच मानला गेला नाही. वंशजांनी अन्नपाणी द्यावे आणि तृप्त पितरांनी आयुष्य, संतती व धन द्यावे, असे याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे.

शास्त्र विद्वानांनी पाहावे. अकोल्याकडचा शेतकरी हा व्यवहार पाण्यावरून ओळखतो. वैशाखात येथे पारा 44 अंशांच्या वर जातो. त्याच दिवसांत अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने नवे मडके भरून पूजतात. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहीर खणावी तर पाणी खारट लागते. तेथे गोड्या पाण्याचे मडके कोणाच्या नावे भरणे ही लहान गोष्ट नव्हे.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की नदीकाठची मंडळी अस्वस्थ होतात. मग थोरला मुलगा हात जोडून मोठ्याने म्हणतो, "बाबा, लहानीचं लगन आम्ही करून देऊ, मायले अंतर देनार नाई." कावळा शिवला, न शिवला, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण शब्द चार लोकांदेखत गेलेला असतो. पुढे भावाभावांत वाटणी निघाली की गावातले म्हातारे तोच शब्द काढतात, आणि कित्येक विधवा आयांना त्याच शब्दावर घरात जागा मिळालेली आहे.

भाद्रपदातल्या पितरपाटात ज्याची तिथी ठाऊक नाही त्याला सर्वपित्री अमावास्येला जेवू घालतात. ही सोय किती मोलाची, ते वऱ्हाडचा इतिहास सांगतो. 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ, नंतर 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ, यांत घरेच्या घरे बसली. तिथी टिपून ठेवणारेच उरले नाहीत. त्या निनावी माणसांचा घास वर्षातून एकदा कौलांवर ठेवला जातो.

मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी वाढलेल्या गाडगे महाराजांनी कर्ज काढून जेवणावळी घालणाऱ्यांना कीर्तनातून खडसावले. काहींना तो पितरांचा अनादर वाटला असेल. पण बापाने पोटाला चिमटा घेऊन राखलेले वावर त्याच्याच तेरवीपायी सावकाराच्या घशात जावे, हे कोणत्या पितराला आवडले असते?