माळावरचा ससा आणि पिंजऱ्यांतील ससा

टेंभुर्णीच्या माळावरचा ससा आणि पिंजऱ्यांतील पांढरा ससा यांचें नांव एक. कूळ मात्र भिन्न. पाळीव ससा मूळचा स्पेनकडील, बिळांत राहणारा. इ. स. पूर्व ३७ मध्यें व्हारो या रोमन ग्रंथकारानें सशांच्या कुंपणवाड्यांची हकीकत लिहिली आहे. माळावरच्या सशाचीं पिल्लें जन्मतांच केसाळ व डोळस असतात. त्यांस पोरकीं समजून घरीं आणणें ही दया नव्हे, १९७२ च्या कायद्यानें तो गुन्हाच. शेंकडों वर्षें पाळूनही घरच्या सशाची बिळाची संवय सुटलेली नाहीं: भय वाटतांच तो मागचा पाय आपटतो, आडोसा धुंडाळतो. दांत जन्मभर वाढतात, म्हणून गाजराहून वाळलें गवत महत्त्वाचें. अंगांतील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे टाकतो. सोलापुरी वैशाखांत पारा ४० अंशांपलीकडे गेल्यावर तेवढ्यानें भागत नाहीं. पत्र्याखालचा पिंजरा तेव्हां दाट सावलींत हलवावा, वर ओलें गोणपाट टाकावें.