समीक्षेचे सोवळे

नगर जिल्ह्याच्या उत्तरेला पुणतांबे, दक्षिणेला आपले काष्टी. पुणतांब्यात १९१८ साली जन्मलेल्या रामचंद्र चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र यांनी हिंदी चित्रपटसंगीतात जाझचा ठेका रुजवला. त्याचे स्वागत कसे झाले, हा प्रश्न केवळ संगीताचा नाही. तो पावित्र्याच्या कल्पनेचा, म्हणजेच अखेर जातीच्या मानसिकतेचा प्रश्न आहे.

'शहनाई' (१९४७), 'समाधी' (१९५०), 'अलबेला' (१९५१) या चित्रपटांतली गाणी कष्टकऱ्यांनी डोक्यावर घेतली. गिरणी कामगाराचा मुलगा भगवान पडद्यावर नाचू लागला की थिएटरही नाचे. प्रतिष्ठितांना मात्र हे संगीत उथळ, उसने, परकीय वाटले. १९५२ साली नभोवाणी खाते हाती आलेल्या बा. वि. केसकरांनी या नावडीचे धोरण केले. आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. श्रोते मुकाट्याने रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ मध्ये 'विविध भारती' काढून सरकारला माघार घ्यावी लागली.

'परकीय' हा शब्द जरा तपासून पाहू. व्हायोलिनही युरोपातूनच आले; पण कर्नाटक संगीताच्या मैफलीत ते मानाने बसले. तेव्हा खरी अडचण वाद्याच्या मुलखाची नव्हती. ते कोणाच्या हातात आहे आणि कोणासाठी वाजते आहे, ही ती अडचण होती. जाझ हे तर अमेरिकेतील गुलामांच्या वंशजांनी घडवलेले संगीत. तेथील शिष्टांनीही प्रथम त्याला गोंगाटच म्हटले होते.

पण पाठीराख्यांनी तरी काय केले? त्यांनी सगळे श्रेय एका संगीतकाराच्या प्रतिभेला दिले. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवणारा गोव्यातील हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' म्हणून ओळखला गेला. त्याची स्तुती झाली तीही 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' अशी, उसन्या नावाने. त्याचे बहुसंख्य सहवादक तर श्रेयनामावलीतही आले नाहीत. शुद्धतेवर भांडणारा टीकाकार आणि प्रतिभेची पूजा करणारा रसिक, दोघेही राबणारा हात विसरले.

हीच गाणी क्लॅरिनेट-ट्रम्पेटवर खेडोपाडी नेली ती लग्नातल्या बँडवाल्यांनी. सनई, डफ, हलगीचा वारसा असलेल्या मातंग, होलार समाजांतले कितीतरी वादक त्यांत होते. वरात त्यांच्या सुरांवर नाचली. त्यांच्या वादनावर समीक्षेची एक ओळ लिहिली गेली नाही.

काष्टीच्या शनिवारच्या बाजाराला गावोगावची माणसे येतात. आपल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून जुन्या बँडवाल्यांचा ठावठिकाणा घ्यावा. कोणाकडून शिकलात, चाल कशी बसवलीत, सुपारी किती मिळे, पंगतीत कुठे बसवत, हे त्यांना विचारावे आणि नावानिशी लिहून ठेवावे. ज्या इतिहासात वाजवणाऱ्याचे नाव नाही, तो संगीताचा इतिहास आपण का मानावा?