‘ड’ आला की डहाणू

ठाण्याकडून अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जायचं, तर नकाशात अंतर फार दिसत नाही. पण वाटेत भिवंडी लागते. गोदामांकडे वळणारे कंटेनर, नाक्यावर आडवे लागलेले ट्रक, पुढे वाडा रस्त्यावरचे खड्डे. अंबाडीला पोचून वज्रेश्वरीकडे डावीकडे वळेपर्यंत मागच्या सीटवरून “अजून किती राहिलं?” हा प्रश्न कितीदा तरी आलेला असतो. खाऊचा डबा कधीच रिकामा झालेला असतो. मग गाडीतली एखादी मावशी किंवा आजोबा म्हणतात, “चला, भेंड्या लावू या.”

या शब्दांमागे मोठं कूळ आहे.

वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी आहे. ग्रंथ साधारण तिसऱ्या शतकातला मानतात. त्या यादीत ‘प्रतिमाला’ नावाची एक कला येते आणि तेराव्या शतकातला टीकाकार यशोधर तिचा खुलासा करतो, की हिलाच अंत्याक्षरिका म्हणतात. एकाने श्लोक म्हणायचा आणि दुसऱ्याने त्याच्या शेवटच्या अक्षरावरून नवा श्लोक उचलायचा. प्रतिमालेचे शेजारी कोण आहेत, तेही पाहावं. तिच्या आधी प्रहेलिका, म्हणजे कोडी. तिच्यानंतर दुर्वाचकयोग, म्हणजे उच्चारताना जीभ अडखळेल अशी वाक्यं, आपलं ‘कच्चा पापड, पक्का पापड’. त्यानंतर पुस्तकवाचन. लांबच्या प्रवासात मुलांना रमवायला आपण आजही हेच चार उपाय करतो आणि जवळपास याच क्रमाने करतो. नागरजनांनी शिकायच्या कलांमधलं हे चौकडं आज मागच्या सीटवर जिवंत आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

हा खेळ एकट्या मराठीचा नाही. उर्दूत त्याला बैतबाजी म्हणतात. केरळात अक्षरश्लोकम् आहे आणि त्याचा नियम अधिक कठीण: श्लोकाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढे जायचं नसतं, तिसऱ्या चरणाच्या पहिल्या अक्षरावरून जायचं असतं.

मराठी घरांत गाण्यांच्या आधी श्लोकांच्या भेंड्या होत्या. पंगतीत मुलांनी श्लोक म्हणायची रीत होती. त्यासाठी मनाचे श्लोक, वामनपंडित, मोरोपंतांची केकावली पाठ असे आणि हाच साठा भेंड्यांना पुरे. १८५४ साली परशुरामतात्या गोडबोल्यांनी जुन्या कवींच्या वेच्यांचं ‘नवनीत’ काढलं, तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुलांच्या हाती हा साठा छापील रूपात आला. समर्थांचे २०५ मनाचे श्लोक या खेळात फार कामी येत. त्यांतले कितीतरी ‘मना’ने सुरू होतात, त्यामुळे ‘म’ आला की मूल निर्धास्त. शिवाय त्यांच्या चारही चरणांना यमक जुळलेलं असतं. समोरच्याने पहिला चरण म्हटला, की शेवटी कुठलं अक्षर पदरात पडणार ते कळून जाई आणि उरलेले तीन चरण विचाराला मिळत. श्लोक मात्र पूर्ण म्हणावा लागे. अर्धवट म्हणणाऱ्याचा श्लोक धरत नसत.

पुढे बोलपट आले. ‘अयोध्येचा राजा’ १९३२चा. ग्रामोफोन आला, रेडिओ आला. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण सुरू झालं आणि छप्पन्न गाणी घराघरांत पाठ झाली. साठा वाढला तसा नियम सैल झाला. गाणं लांब असतं, आख्खं म्हटलं तर दुसऱ्याची पाळीच यायची नाही. म्हणून ध्रुवपदावर भागवायचं ठरलं. आज भेंड्यांत पटाईत असलेल्या माणसालाही शेकडो गाण्यांची तोंडं येतात आणि अंतरा येत नाही, त्याचं मूळ इथे आहे. ही मला खेळाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी हानी वाटते.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. एसटीने भेंड्यांना रणांगणच मिळवून दिलं. डावीकडची बाकं एका बाजूला, उजवीकडची दुसऱ्या; शाळेच्या सहलीत पक्ष पाडायलासुद्धा वेळ लागत नसे. पूर्वी श्लोक एकेकट्याला आठवावा लागे. आता पक्षातल्या एकाला गाणं आठवलं की सगळे गळा मिळवत. हार झाली तरी भेंडी चढे ती पक्षावर, एकट्या पोरावर नव्हे. ज्या मुलाला एकही गाणं धड येत नाही, तेही शेवटच्या शब्दाला ओरडू शके. खेळ खऱ्या अर्थाने लहान मुलांचा झाला तो या बसमध्ये, असं मी मानतो. १९९३पासून झी टीव्हीवर अन्नू कपूर यांची ‘अंताक्षरी’ लागू लागली आणि मराठी घरांतही हिंदी नाव रुळलं. गाडीत मात्र भेंड्या त्या भेंड्याच राहिल्या.

त्या गाडीत टिकल्या याला शरीराचंही कारण आहे. लहान मुलांना गाडी लागते. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की आपण हलतो आहोत, आणि पुस्तकावर किंवा पडद्यावर खिळलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही. त्यापुढे साधारण बाराव्या वर्षापर्यंत तो सगळ्यात जास्त असतो, म्हणजे नेमका ज्या वयात मूल प्रवासाला कंटाळतं त्या वयात. मोबाइल हातात दिला की मूल गप्प बसतं आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर थोड्या वेळात पांढरं पडतं. भेंड्यांना डोळे लागत नाहीत. नजर खिडकीबाहेर दूरवर ठेवून त्या खेळता येतात, आणि गाडी लागू नये म्हणून नजर तिथेच हवी. आलेपाकाची वडी सोबत असावीच, पण भेंड्या आधी.

गाणी न येणाऱ्या अगदी लहान मुलांसाठी गावांच्या भेंड्या आहेत आणि अकलोलीचा रस्ता त्यांना फार मजेचा. पाटीवर दिसेल ते गाव घ्यायचं. भिवंडी म्हटलं की ‘ड’. अंबाडी, पुन्हा ‘ड’. आणि हा रस्ता पुढे जातो तो वाड्याला, म्हणजे तिसऱ्यांदा ‘ड’! पहिल्या खेपेला सगळ्यांना डहाणू आठवतं. दुसऱ्या खेपेला डोंबिवली. तिसऱ्या खेपेला गाडीत शांतता पसरते आणि मग कुणीतरी शहापूर तालुक्यातलं डोळखांब काढून पक्षाला वाचवतो. डहाणूने ‘ण’ दिला तर ‘न’ घ्यायचा, नाशिक म्हणायचं. अकलोली आली की ‘ल’, त्यावर लोणावळा, आणि लोणावळ्याने ‘ळ’ पुढे केला की मुलं आनंदाने किंचाळतात, कारण ‘ळ’ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. आपल्याकडे तिथे ‘ल’ देऊन सोडवतात आणि लातूर म्हणून गाडी पुढे जाते. जपानी मुलं याच जातीचा शिरितोरी नावाचा शब्दखेळ खेळतात. त्यांच्याकडे अनुस्वारासारखा एक वर्ण आहे, त्यानेही शब्द सुरू होत नाही. पण तिथे त्या वर्णावर संपणारा शब्द जो उच्चारतो तो तिथेच हरतो. आपला नियम दयाळू आहे आणि मुलांसोबत खेळताना तो तसाच राहावा.

वज्रेश्वरी आणि गणेशपुरी, दोन्ही ‘र’ देतात. वज्रेश्वरीवर रत्नागिरी म्हणणारा पुन्हा ‘र’च परत करतो आणि समोरच्याला पेचात टाकतो. हा डाव आठ वर्षांच्या मुलालासुद्धा एकदा दाखवला की पुरतो. मग पाटी येण्याआधीच ते शेवटचं अक्षर हेरायला लागतं. याच वज्रेश्वरीच्या देवळाची गोष्ट, चिमाजी अप्पांनी १७३९च्या वसईच्या मोहिमेत केलेल्या नवसाची, सांगायची तर अशा वेळी सांगावी. नाव तोंडात घोळून गेलेलं असतं, त्यामुळे मूल ऐकतं.

गाण्यांच्या भेंड्यांत आता एक अडचण येते. मुलांची गाणी मोठ्यांना ठाऊक नसतात आणि मोठ्यांची मुलांना. “हे गाणंच नाही” असा वाद दोन्हीकडून होतो. आमच्याकडे त्यावर जुनाच नियम परत आणला आहे: समोरच्या पक्षाला माहीत नसलेलं गाणं असेल तर ते अंतऱ्यांसकट पूर्ण म्हणून दाखवायचं, नाहीतर धरायचं नाही. कंटेनर पुढे सरकेपर्यंत वेळ असतोच.