शेवटच्या नळावरचा पिवळा रंग

टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर पडली, तासभर गेला, की गावच्या जलसुरक्षकाचं दुसरं काम सुरू होतं. टाकीपासून सगळ्यांत लांबच्या नळावर जायचं, पाणी थोडं वाहू द्यायचं, काचेची नळी खुणेपर्यंत भरायची आणि तिच्यात ओटीचे थेंब सोडायचे. पाणी पिवळं झालं, तर क्लोरीन तिथवर पोचला. रंग आलाच नाही, तर टाकीत कितीही पावडर टाकलेली असो, त्या घराला तिचा काही उपयोग नाही. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन.

पाण्यात क्लोरीन घालायला कधी सुरुवात झाली हे बरेचदा सांगितलं जातं. घातलेल्यातला किती उरला हे माणूस कधी पाहायला लागला, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. मला तीच जास्त मोलाची वाटते.

ब्लीचिंग पावडर मुळात कापडासाठी जन्मली. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने 1799 मध्ये तिचं पेटंट घेतलं, ते सूत आणि कापड पांढरं करण्यासाठी. पिण्याच्या पाण्याशी तिचा संबंध आला तो जवळजवळ शंभर वर्षांनी, आणि तोही साथ आल्यावरच. इंग्लंडमध्ये मेडस्टनला 1897 मध्ये विषमज्वराची साथ आली, तेव्हा शहराचे नळ तिने धुऊन काढले. 1905 मध्ये लिंकन शहरात अशीच साथ पसरली, तेव्हा अलेक्झांडर ह्यूस्टनने पुरवठ्याच्या पाण्यातच क्लोरीनचं द्रावण सोडायला लावलं.

साथ नसतानाही, रोज, अख्ख्या शहराला असं पाणी द्यायचं ठरलं ते अमेरिकेत, आणि तेही कोर्टकज्ज्यातून. जर्सी सिटीला बूनटनच्या जलाशयातून पाणी देणाऱ्या खासगी कंपनीविरुद्ध शहर कोर्टात गेलं होतं. पाणी करारात म्हटल्याप्रमाणे शुद्ध नाही, ही तक्रार. वरच्या गावांचं सांडपाणी अडवा, नाहीतर दुसरा उपाय करा, असं कोर्टाने सांगितलं. कंपनीचे सल्लागार डॉ. जॉन लील यांनी दुसरा उपाय निवडला. त्यांचे वडीलही डॉक्टर. अमेरिकी यादवी युद्धात सैन्याबरोबर असताना त्यांना हगवण लागली आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही. घरात हे पाहिलेल्या माणसाने, इंजिनिअर जॉर्ज फुलरला हाताशी धरून, 26 सप्टेंबर 1908 पासून दिवसाला सुमारे 15 कोटी लीटर पाण्यात ब्लीचिंग पावडरचं द्रावण सोडायला सुरुवात केली. लोकांच्या पाण्यात रसायन घालता, म्हणून त्यांची भर कोर्टात उलटतपासणी झाली. 1910 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि पाहता पाहता अमेरिकेतली शहरं त्याच वाटेने गेली.

पण प्रश्न उरलाच होता. नदीचं पाणी रोज एकसारखं नसतं. पावसाचा पहिला लोंढा आला की त्यातली माती, पालापाचोळा आणि अमोनिया क्लोरीनला आधीच गिळून टाकतात. काल पुरलेला डोस आज जंतूंपर्यंत पोचतच नाही. म्हणजे डोस ठरवायचा तो पाण्यालाच विचारून.

हे विचारण्याची एक साधी रीत ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर विल्यम हॉरॉक्स यांनी बसवली, आणि पहिल्या महायुद्धात ती उपयोगी पडली. त्यांच्या पेटीत सहा पांढरे कप आणि एक काळा कप असतो. काळ्या कपात एक सपाट चमचा पावडरचं द्रावण करायचं. पांढऱ्या कपांत तपासायचं पाणी भरून त्या द्रावणाचा पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत टाकत जायचं. अर्धा तास थांबून प्रत्येकात स्टार्च-आयोडाइड घालायचं. समजा तिसऱ्या कपापासून पुढे निळा रंग दिसला, तर 455 लीटर पाण्याला तीन चमचे, म्हणजे 6 ग्रॅम पावडर. पहिल्या दोन कपांतलं पाणी सगळा क्लोरीन खाऊन बसलेलं असतं. आपल्याकडच्या आरोग्यसेवकांना ही पेटी आजही शिकवली जाते.

ऑर्थोटोलिडीनने याहून बारीक नजर दिली. अर्ल फेल्प्सने ते 1909 मध्ये सुचवलं, आणि एल्म्स व हाउझर यांनी 1913 मध्ये त्याची मोजमापाची पद्धत पक्की केली. पिवळ्या छटा जुळवायला त्यांनी न विटणारी द्रावणं बनवली, त्यामुळे लीटरमागे मिलिग्रॅमचा अंशही डोळ्यांनी वाचता येऊ लागला. 1919 मध्ये मेरिलँडच्या आरोग्य खात्यातल्या एबल वॉलमन आणि लिन एन्स्लो यांनी त्यापुढचं पाऊल टाकलं: प्रत्येक पाण्याची मागणी आधी मोजा, ती भागवा आणि वर थोडा क्लोरीन शिल्लक ठेवा. प्लँटवरचा ऑपरेटर आज हेच करतो.

ही शिल्लक आपल्याकडे तर फारच गरजेची. पाणी दिवसातून तासभर येतं, बाकी वेळ नळ रिकामे. रिकाम्या नळाच्या गळक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. टाकीत शुद्ध केलेलं पाणी अशा वाटेवर पुन्हा नासू नये, म्हणून भारतीय मानकाने ग्राहकाच्या नळावर लीटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन मागितला आहे. पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून पावडर कमी करायला लावणाऱ्या गावकऱ्यांना हे कुणीतरी समजावून सांगायला हवं. आणि पोतं ओलाव्यात उघडं ठेवणाऱ्या ग्रामपंचायतीलाही. ताज्या पावडरीत वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका उपयोगी क्लोरीन असतो, तो अशा पोत्यातून उडून जातो.

ओटीची एक खोड जाणकार सांगतात. रंग पहिल्या दहा सेकंदांत वाचायचा. पाच-दहा मिनिटांनी तो गडद होतो, कारण अमोनियाशी जोडला गेलेला दुबळा क्लोरीनही मग रंग देऊ लागतो. उशिरा वाचलेला आकडा वहीत छान दिसतो, पण त्यावर विसंबणं धोक्याचं.

ऑर्थोटोलिडीनमुळे कर्करोगाचा धोका असल्याचं पुढे आल्यावर प्रयोगशाळांनी ते मागे टाकलं. पॅलिनने 1957 मध्ये आणलेली डीपीडी चाचणी त्याच्या जागी आली. तिचा रंग गुलाबी, आणि मुक्त क्लोरीन ती वेगळा दाखवते. आपल्या कितीतरी गावांत मात्र ओटीचीच बाटली चालू आहे. ती रोज हाताळणाऱ्या माणसाला निदान हातमोजे आज मिळावेत, आणि डीपीडीच्या गोळ्या पुढच्या खरेदीत.