भांगाच्या दिवसांतलं पाणी

आजीच्या गोष्टीतला एक तपशील कधी बदलला नाही: ते दिवस भांगाचे होते. कार्तिक वद्य अष्टमी-नवमीच्या आसपासचे. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असतं तर मुंबईच्या वेसावे कोळीवाड्यात कुणाला नवल वाटलं नसतं. पण भांगाचं पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. आणि त्या सकाळी ते थेट होड्यांपर्यंत आलं, दोर तोडून होड्या ओढून नेल्या, बोंबील वाळवायच्या वलांड्या आडव्या केल्या.

लहानपणी मला ही दर्याच्या कोपाची गोष्ट वाटायची. तारीख पुष्कळ नंतर हाती लागली: 28 नोव्हेंबर 1945. पहाटे साडेतीनच्या सुमारास बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळ 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला. तिथे अरबी भूपट्ट युरेशियाच्या भूपट्टाखाली सरकतो आहे. त्यांचा अडकलेला सांधा सुटला, समुद्राचा तळ हलला आणि त्याच्या डोक्यावरचं सगळं पाणीही. वाऱ्याने उठलेली लाट वरच्या थरातच खेळते. भूकंपाने उठलेली ही लाट, त्सुनामी, तळापासूनचं पाणी हलवत निघते. 3000 मीटर खोलीवर ती ताशी 600 किलोमीटरने धावते, आणि वरून जाणाऱ्या गलबताला तिचा पत्ताही लागत नाही.

मग तिला मुंबईला पोचायला सकाळचे सव्वाआठ का वाजले? आपल्या किनाऱ्यापुढे उथळ तळ खूप दूरवर पसरला आहे. 80 मीटर पाण्यात लाटेचा वेग ताशी 100 किलोमीटरवर येतो. पुढचं पाणी रेंगाळतं, मागचं त्याला गाठतं आणि लाट उंचावते. मुंबईत ती सुमारे 2 मीटर भरली. माणसं वाहून गेली. आजी सांगायची, ‘‘पाणी उतरलं म्हणून होड्या बघायला गेले, ते परतलेल्या पाण्यात गेले.’’

तिच्या सगळ्या गोष्टीत मला हे वाक्य मोलाचं वाटतं. त्सुनामी एका लाटेत संपत नाही. लाटा तासन्‌तास येत राहतात, आणि पहिलीच सर्वांत मोठी असेल असं नाही. मकरानवरच्या पसनी गावाला सर्वांत विध्वंसक पाणी भूकंपानंतर दीड-दोन तासांनी आलं.

2015 साली युनेस्कोने अरबी समुद्राकाठच्या म्हाताऱ्यांकडून अशा आठवणी ऐकून पुस्तकात आणल्या. 2007 पासून हैदराबादचं त्सुनामी इशारा केंद्र भूकंपानंतर काही मिनिटांत इशारा देऊ शकतं, त्यामुळे मुंबईच्या हाती काही तास राहतील. पसनीला तेवढी उसंत नाही. तिथे जमीन हलली हाच इशारा समजून उंचावर पळायचं. आणि 45 सालचं पाणी डोळ्यांनी पाहिलेली माणसं तिथेही आता फार थोडी उरली आहेत.