ओव्हनचा पंखा चालू ठेवायचा की बंद? कन्व्हेक्शन आणि साधा मोड सोप्या भाषेत

बोईसरच्या रूमवर ओटीजी आणला आणि पहिल्याच रविवारी घोलवडच्या चिकूचा केक लावला. मोबाईलवरच्या रेसिपीत १८० डिग्री होतं, मी तेच सेट केलं. अर्ध्या तासाने बघतो तर वरून काळपट आणि आत कच्चं पीठ! रेसिपी साध्या मोडची होती आणि माझा पंखा चालू होता.

फरक काय?

साध्या मोडमध्ये फक्त वरचा आणि खालचा रॉड तापतो, हवा आपोआप हळूहळू फिरते. कन्व्हेक्शनमध्ये पंखा गरम हवा जोरात फिरवतो. पदार्थाभोवतीचा थंड, ओलसर हवेचा थर निघून जातो. त्यामुळे तेवढ्याच तापमानाला पदार्थाची वरची बाजू लवकर सुकते आणि लाल होते. चिकूत साखर भरपूर असल्याने वरचा भाग तर आणखी पटकन करपतो.

कुठे काय वापरायचं?

- केक, ब्रेड, कॅरॅमल पुडिंग: साधा मोड, दोन्ही रॉड चालू.
- नानकटाई, बिस्किटं (दोन ट्रे एकदम): कन्व्हेक्शन.
- पनीर टिक्का, चिकन, बटाटे: कन्व्हेक्शन. बाहेरून मस्त कुरकुरीत होतात.
- पिझ्झाचा तळ मऊ राहतोय? शेवटी थोडा वेळ फक्त खालचा रॉड.

चिन्हं ओळखा

दोन आडव्या रेषा म्हणजे वरचा-खालचा रॉड. पंख्याचं चित्र म्हणजे हवा फिरणार. नागमोडी दातेरी रेषा बहुतेक वेळा ग्रिलची असते. तरी एकदा मॅन्युअल बघाच.

२० डिग्रीचा नियम

साध्या मोडची रेसिपी पंख्यावर करायची असेल तर तापमान २० डिग्री कमी करा. १८० असेल तर १६०. वेळही आधीच तपासा: ४० मिनिटं लिहिली असतील तर ३० व्या मिनिटाला टूथपिक घालून बघा. अमेरिकन रेसिपीत ३५० लिहिलंय? ते फॅरेनहाइट आहे, म्हणजे आपले साधारण १७७ डिग्री सेल्सिअस.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर?

त्याच्या कन्व्हेक्शन मोडमध्ये पंखा फिरतोच. म्हणून थेट १६० लावा आणि टिन स्टँडवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागेल. ॲल्युमिनियमचा टिन फक्त कन्व्हेक्शनला चालतो. चुकून 'मायक्रो' दाबलं तर ठिणग्या उडू शकतात. सुरू करण्याआधी स्क्रीनवरचा मोड वाचा.

भाड्याच्या रूमवाल्यांनो, हे नक्की वाचा

एमआयडीसीजवळ रूम घेऊन राहणाऱ्यांनी आधी सॉकेट बघावं. ६ अँपिअरचं छोटं सॉकेट २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॅट झेपवतं. ओव्हनच्या मागच्या स्टिकरवर त्याहून जास्त वॅट लिहिले असतील तर १६ अँपिअरचं मोठं सॉकेटच हवं. साधा एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका, तो वितळून आग लागू शकते.

दुसऱ्या रविवारी पंखा बंद ठेवला, १८० वरच लावला. केक आतपर्यंत शिजला आणि संध्याकाळपर्यंत टिन रिकामा!