डेबियनच्या दप्तराची हकीकत

1995 सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेतील इन्फोमॅजिक नावाच्या एका सीडी-विक्रेत्याने पाच तबकड्यांचा एक संच बाजारात आणला, आणि त्यात, लिनक्सवर उभारलेल्या डेबियन या संगणक-प्रणालीची आवृत्ती म्हणून, ‘डेबियन 1.0’ या नावाखाली जो ऐवज भरला होता, तो वस्तुतः डेबियन 1.0 नव्हताच. ती एक अर्धवट, घडणीच्या अवस्थेतील प्रत होती. जुन्या रचनेतून ‘एल्फ’ या नव्या रचनेत तिचे स्थित्यंतर अंशतःच झाले होते, आणि ती संगणकावर धड सुरू होईल याचीही शाश्वती नव्हती. 11 डिसेंबरला डेबियनच्या वतीने ब्रूस पेरेन्स यांनी आणि त्या विक्रेत्याने संयुक्तपणे जाहीर केले की, या तबकडीवरील माल म्हणजे आमची अधिकृत आवृत्ती नव्हे. पण एकदा लोकांच्या हाती गेलेले नाव परत कसे घ्यावे? मंडळींनी सरळ मार्ग पत्करला. 1.0 हा आकडाच त्यांनी सोडून दिला, आणि 17 जून 1996 रोजी जी आवृत्ती प्रसिद्ध केली तिला 1.1 म्हटले. डेबियनच्या वंशावळीत 0.93 नंतर एकदम 1.1 येते, ते या कारणाने.

ही घटना वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु लक्षावधी संगणकांना अद्ययावत ठेवणारी जी भांडारे, ज्यांना संगणकाच्या व्यवहारात रिपॉझिटरी म्हणतात, त्यांच्या इतिहासात तिचे स्थान मला फार मोलाचे वाटते. कारण भांडाराचा सगळा प्रश्न अखेर नावाचा आहे: कोणत्या मालावर कोणते नाव केव्हा चढवावे, ते कोणी चढवावे, आणि एकदा चढवल्यावर त्या नावाखालचा माल बदलू द्यावा की नाही.

डेबियनचा आरंभ 16 ऑगस्ट 1993 चा. पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मरडॉक या तरुणाने त्या दिवशी ही प्रणाली उभारण्याचा आपला संकल्प जाहीर केला. स्वतःचे नाव आणि आपल्या मैत्रिणीचे डेब्रा हे नाव यांच्या संधीतून ‘डेबियन’ हा शब्द त्याने सिद्ध केला. त्या काळी लिनक्स मिळे तो फ्लॉपींच्या गठ्ठ्यांच्या रूपाने. लिनस टॉरवल्ड्सचे कर्नल, ग्नू प्रकल्पाची साधने आणि नाना ठिकाणचे कार्यक्रम एकत्र बांधून कोणीतरी तो गठ्ठा देई, आणि त्यातला एखादा कार्यक्रम बदलावयाचा झाल्यास तो कोणकोणत्या इतर कार्यक्रमांवर विसंबून आहे याचा हिशेब वापरणाऱ्यानेच ठेवावयाचा. मरडॉकच्या मंडळींनी प्रत्येक कार्यक्रमाला स्वतंत्र पॅकेजचे रूप दिले, त्याच्या माथ्यावर नाव, आवृत्ती आणि अवलंबन यांची नोंद लिहिली, आणि ती नोंद वाचून पॅकेज बसवणारे वा काढणारे ‘डीपीकेजी’ हे साधन घडवले. त्याचे मुख्य रूप इयन जॅक्सन यांनी सिद्ध केले. कामाची वाटणी अशी की, एका पॅकेजची जबाबदारी एका स्वयंसेवकाने शिरावर घ्यावी, आणि सर्वांचा माल एका सामाईक एफटीपी भांडारात जमा व्हावा.

त्या भांडाराच्या कप्प्यांवरच जर आवृत्तीचे आकडे कोरले, तर अपुरा माल पुरा समजून कोणीही उचलून नेणार, हा धडा 1995 ने दिला होता. म्हणून पुढे आकड्याऐवजी संकेतनामे आली. पेरेन्स तेव्हा पिक्सार या चित्रपटसंस्थेत काम करीत असत, आणि ‘टॉय स्टोरी’ हा चित्रपट नुकताच पडद्यावर आला होता. त्यातल्या खेळण्यांची नावे आवृत्त्यांना मिळाली. 1.1 ती बझ, मग रेक्स, बो, हॅम, स्लिंक, पोटॅटो, वुडी, सार्ज. आणि जी कधीच प्रसिद्ध व्हायची नाही, जिच्यात नवा माल प्रथम येऊन पडतो, त्या अस्थिर शाखेला नाव मिळाले सिड, म्हणजे चित्रपटातील खेळणी मोडणाऱ्या शेजारच्या मुलाचे. पोरवयाची गंमत म्हणून याकडे पाहणे सोपे आहे. पण खेळण्याच्या नावाला आकड्यासारखा पूर्णत्वाचा वास येत नाही, आणि तेवढ्याने एक मोठा गैरसमज टळतो.

संकेतनामांबरोबर दुसरी एक गोष्ट आली, आणि माझ्या मते सगळ्या हकीकतीचे मर्म तिच्यात आहे. ‘वुडी’ या नावाशेजारीच भांडारात ‘स्टेबल’ असेही एक नाव असे, आणि ते स्वतंत्र कप्प्याचे नसून वुडीकडे बोट दाखवणाऱ्या दुव्याचे असे. वुडी हे व्यक्तीचे नाव. स्टेबल हे पदाचे. सुभेदार बदलतो, सुभेदारी राहते. 19 जुलै 2002 ला वुडी त्या गादीवर बसली, आणि जवळजवळ तीन वर्षांनी, 6 जून 2005 ला, सार्ज प्रसिद्ध होताच तो दुवा नव्या धन्याकडे वळला व वुडी ‘ओल्डस्टेबल’ झाली. आता आपल्या संगणकाला कोणाचा हुकूम मानावयास सांगावे, व्यक्तीचा की पदाचा? ज्याने ‘वुडी’ लिहिले त्याचा संगणक वुडीपाशीच राहिला. ज्याने ‘स्टेबल’ लिहिले त्याने 7 जूनला सकाळी नेहमीप्रमाणे अद्ययावत करण्याची आज्ञा दिली असेल, तर त्याच्यापुढे तीन वर्षांच्या बदलांचा लोंढा एकदम येऊन उभा राहिला असणार. दोन्ही निवडी वैध आहेत. मात्र लिहिणाऱ्याने आपण काय लिहीत आहोत हे जाणून लिहावे, एवढा आग्रह मी धरीन, आणि ज्या यंत्रावर चार माणसांचे रोजचे काम अवलंबून आहे त्यावर तरी व्यक्तीचेच नाव लिहावे असे सुचवीन.

ही निवड जिथे लिहावयाची ती वही म्हणजे ‘सोर्सेस-लिस्ट’. 9 मार्च 1999 ला आलेल्या स्लिंक आवृत्तीबरोबर ‘ॲप्ट’ हे साधन सर्वांच्या हाती आले, आणि तेव्हापासून भांडाराशी होणारा सारा व्यवहार या वहीतल्या ओळींवर चालतो. प्रथम मालाची जात सांगणारा ‘डेब’ हा शब्द. मग भांडाराचा पत्ता. मग आवृत्तीचे नाव. आणि शेवटी मेन, कॉन्ट्रिब, नॉन-फ्री असे विभाग. ओळ लिहिल्यावर ‘अपडेट’ ही आज्ञा केवळ भांडाराच्या याद्या आणून घरच्या याद्या ताज्या करते. माल हलतो तो ‘अपग्रेड’ने. पहिल्या आज्ञेने काहीच बदलले नाही म्हणून नवशिके बुचकळ्यात पडतात. पण यादी वाचणे आणि माल उचलणे ही दोन कामे वेगळी ठेवली, म्हणूनच काय घडणार आहे ते घडण्यापूर्वी पाहता येते.

येथपर्यंत प्रत्येक आवृत्तीचा माल तिच्या स्वतःच्या कप्प्यात असे. डिसेंबर 2000 मध्ये भांडाराची घडणच पालटली. सगळी पॅकेजे ‘पूल’ नावाच्या एकाच कोठारात ठेवली गेली. कप्पे मूळ पॅकेजच्या आद्याक्षरावरून, आणि ‘लिब’ने आरंभ होणाऱ्यांची गर्दी एवढी की त्यांच्यापुरते चार अक्षरांचे कप्पे करावे लागले. आवृत्ती म्हणजे आता मालाचा ढीग उरली नाही. कोठारातील कोणकोणती पॅकेजे, कोणत्या क्रमांकाची, तिच्यात मोडतात हे सांगणारी ती नुसती यादी झाली. एकच पॅकेज एकाच वेळी तीन याद्यांत असू शकते आणि कोठारात मात्र त्याची प्रत एकच असते. आवृत्ती बदलली की पूर्वी मालाची वाहतूक करावी लागे. आता वहीची पाने बदलली की झाले. जुन्या पद्धतीचा एखादा कोठावळा हे पाहून प्रसन्न झाला असता, असे मला नेहमी वाटते, कारण धान्य एका जागी आणि हक्क कागदावर ही त्याच्या रोजच्या व्यवहाराची रीत होती.

या पालटामुळेच ‘टेस्टिंग’ ही मधली शाखा शक्य झाली. तिची कल्पना अँथनी टाउन्स यांची. सिडमध्ये आलेले पॅकेज निकडीप्रमाणे दोन, पाच किंवा दहा दिवस तिथे मुरावे, त्यात नवे गंभीर दोष निघू नयेत, त्याच्या अवलंबनांची पूर्तता व्हावी, आणि मग यंत्रानेच त्याचे नाव टेस्टिंगच्या यादीत चढवावे. माणसांची भीड नाही, मुर्वत नाही.

एका ओळीचे मोल किती, याचा दाखला सार्जच्याच जन्मदिवशी मिळाला. नव्या आवृत्तीच्या पहिल्या सीडी-डीव्हीडी प्रतींवरून बसवलेल्या संगणकांत सुरक्षा-दुरुस्त्यांच्या भांडाराची ओळ चुकीची उतरली होती. ती ‘स्टेबल’ऐवजी ‘टेस्टिंग’कडे बोट दाखवीत होती, आणि त्यातही टिप्पणी म्हणून बाजूला सारलेली, म्हणजे मृतवत होती. यंत्र उत्तम चाले, कुठलीही तक्रार करीत नसे, आणि तरीही सुरक्षेची एकही दुरुस्ती त्याच्यापर्यंत आपोआप पोचली नसती. दोष लक्षात येताच सुधारलेल्या प्रती 3.1r0a या नावाने निघाल्या. मोडलेला कार्यक्रम आपला मोड दाखवतो. चुकलेली नोंद मात्र शांत राहते, आणि म्हणूनच ती मला अधिक भयावह वाटते. पुढे 2021 मध्ये बुल्सआय आवृत्तीत सुरक्षा-शाखेच्या नावाची घडणच बदलली, तेव्हाही ज्यांनी जुन्या ओळीतील ‘बस्टर’ हे मागील आवृत्तीचे नाव खोडून तिथे ‘बुल्सआय’ एवढेच लिहिले, त्यांची ती ओळ निरुपयोगी ठरली.

परंतु वही बरोबर असली तरी भांडारातून येणारी यादी खरीच आहे हे कशावरून? नोव्हेंबर 2003 मध्ये डेबियनच्या चार सर्व्हरांत घुसखोरी झाल्याचे उघडकीस आले. एका विकासकाचा पासवर्ड चोरून आणि कर्नलमधील एका दोषाचा फायदा घेऊन हल्लेखोर आत शिरला होता. पॅकेजांचे मुख्य भांडार बाधित झाले नव्हते. तरीही जगभरच्या असंख्य प्रतिकृती-भांडारांतून वाहणाऱ्या मालावर मूळ दप्तराची मोहोर हवी, आणि ती प्रत्येक यंत्राने स्वतः रुजू करून घ्यावी, ही निकड आता कोणाला समजावून सांगावी लागली नाही. 8 एप्रिल 2007 च्या ‘एच’ (Etch) या आवृत्तीपासून ॲप्ट ही तपासणी नित्यनेमाने करू लागले. प्रत्येक आवृत्तीची ‘रिलीज’ नावाची एक फाईल असते. तिच्यावर सांकेतिक स्वाक्षरी असते. तिच्या पोटात प्रत्येक यादीचा तपासांक असतो, आणि प्रत्येक यादीत प्रत्येक पॅकेजचा. मोहोर एकच, पण तिची हमी हजारो पॅकेजांपर्यंत उतरते. त्यामुळे माल कोणत्या गावच्या प्रतिकृतीतून आला याला महत्त्व राहत नाही.

या व्यवस्थेतही एक फट राहिली होती. जुनी यादीही खरीच असते. तिच्यावरची मोहोरही खरीच. कोणी दुष्टाव्याने एखाद्या यंत्राला महिनोन्‌महिने तीच जुनी यादी दाखवत राहिला, तर नव्या सुरक्षा-दुरुस्त्या त्या यंत्रापासून लपून राहतील. म्हणून वारंवार पालटणाऱ्या शाखांच्या आणि सुरक्षा-भांडाराच्या याद्यांवर मुदत लिहिली जाऊ लागली. मुदत टळलेली यादी ॲप्ट नाकारते.

आणि नेमकी हीच मुदत दुसऱ्या एका थोर उद्योगाच्या आड येते. 2010 पासून डेबियनचे ‘स्नॅपशॉट’ भांडार अधिकृतपणे चालू आहे. मुख्य भांडारात दिवसातून अनेकदा भर पडते, आणि त्या त्या घटकेची स्थिती हे दुसरे भांडार 2005 पासूनच्या तारीखवार जपून ठेवते. पत्त्यात तारीख आणि वेळ लिहिली की त्या क्षणीचे भांडार जसेच्या तसे समोर उभे राहते. आज बसवलेला संगणक आणि दोन वर्षांनी बसवलेला संगणक तंतोतंत सारखे व्हावेत असे ज्याला वाटते, त्याला यापरता आधार नाही. एखादा दोष नेमका कोणत्या दिवशी शिरला याचा शोधही येथे घेता येतो. अमेझॉनने 2023 मध्ये आपल्या लिनक्सच्या नव्या आवृत्तीत हाच विचार मूळ धोरण म्हणून स्वीकारला: यंत्र ज्या क्रमांकाच्या भांडारावरून जन्मले, त्याच भांडाराला ते बांधलेले राहते, आणि चालकाने पुढचा क्रमांक स्वतः उच्चारल्याखेरीज पुढे सरकत नाही. पदाचे नाव तिथे पूर्वनियोजित निवडीतून गेले, व्यक्तीचे उरले. डेबियनच्या स्नॅपशॉटवरून माल मागणाऱ्याला मात्र मुदत टळल्याची हरकत सोसावी लागते, आणि ती तपासणी या पत्त्यापुरती बंद कर, असे वहीत स्पष्ट लिहून द्यावे लागते. ही अडचण मला मुळीच खटकत नाही. जुन्या दप्तरातला रुमाल सोडून पाहावयाचा तर दप्तरदाराला तसे सांगूनच सोडावा.

राहिली भाषेची गोष्ट. 14 फेब्रुवारी 2009 ला लेनी आवृत्ती आली, तेव्हा तिच्या संस्थापनेत ज्या भाषांची नव्याने भर पडली त्यांत मराठी होती. तोवर संस्थापनेचे प्रश्न मराठीत वाचावयास मिळत नसत. लेनीपासून भाषा निवडावी, प्रश्न मराठीत वाचावेत, आपल्याला जवळची अशी प्रतिकृती निवडावी, आणि संस्थापनेच्या कार्यक्रमाने आपल्या वतीने वहीतली पहिली ओळ लिहावी, हे शक्य झाले. 2023 च्या सप्टेंबरात डेबियनची वार्षिक परिषद कोची येथे भरली, त्यापूर्वी तीन महिने, 10 जूनला, बुकवर्म प्रसिद्ध झाली होती; तिच्या यादीत 64,000 हून अधिक पॅकेजे होती. पहिल्या बझमध्ये ती 474 होती. बझची ती पॅकेजे अजून डेबियनच्या संग्रह-भांडारात आहेत, आणि तिथे ‘बझ’ हे नाव जो शोधील, त्याला ती कालच ठेवल्यासारखी सापडतात.